पाळण्याला छत, छताला गाठी

थांबा. पुढे येऊ नका. आधी सांगा, तुम्हाला इकडे कुणी पाठवलं? हातात टेप नाही ना? पाना, हातोडी, करवत? खिसे दाखवा. बरं, रिकामे दिसतायत. मग बसा तिथेच, धक्क्याच्या कडेला. पण पाण्यात पाय हलवू नका. पाणी ढवळलं की मला खालचं दिसत नाही, आणि दिसलं नाही की माझ्या मनात नाही नाही ते येतं.

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. बाळाचा नव्हे, होडीचा. तलावाच्या काठाशी, लाकडी धक्क्याला लागून, कमरेएवढ्या पाण्यात चार लोखंडी पाय रोवून मी उभा आहे. माझ्या पोटात दोन लांब फळ्या आहेत. होडी घासू नये म्हणून त्यांवर जुन्या गालिच्याच्या पट्ट्या ठोकल्या आहेत. होडी परत येते तेव्हा या फळ्या पाण्याखाली असतात. होडी त्यांच्यावर येऊन थांबली की कुणीतरी माझं मोठं चाक फिरवतं, पोलादी तारा गुंडाळल्या जातात आणि होडी अलगद पाण्याबाहेर येते. नुसती पाण्यात ठेवली तर तिच्या तळाला शेवाळ धरतं आणि लाटा तिला रात्रंदिवस धक्क्यावर आपटतात. माझ्यावर ती सुरक्षित राहते. निदान खालून तरी.

मी स्वभावाने संशयी आहे, हे लपवून काय उपयोग? पण त्याला कारण आहे. कारखान्यात माझे पाय जोडले जात होते तेव्हा दोन कारागीर गप्पा मारत काम करत होते. एक म्हणाला, "हा सांधा जरा बघ रे, कच्चा वाटतोय." दुसरा म्हणाला, "पाण्याखालीच जाणार आहे. कोण बघतंय?" आता सांगा, ज्याने जन्मतःच हे ऐकलं त्याने कुणावर विश्वास ठेवायचा? तो सांधा आजपर्यंत टिकला आहे. तरी रोज सकाळी मी आधी त्याचाच अंदाज घेतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं माझं आहे.

ट्रकमधून उतरवून मला इथे पाण्यात उभं केलं, त्या दिवशी पहिल्यांदा नाना दिसले. त्यांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक पायाला खांदा लावून ढकलून पाहिलं. चाक दहा वेळा उलटसुलट फिरवलं आणि आणणाऱ्यांना विचारलं, "हा इतका स्वस्तात का दिला?" मला हे फार आवडलं. म्हटलं, हा माणूस आपल्यातला आहे.

नानांनी या तलावावर चाळीस वर्षं प्रवासी लाँच चालवली. वरच्या बाजूला पूल झाला, लाँच बंद पडली आणि नाना घरी बसले. बसले म्हणजे काय, बसवत नाही त्यांना! धक्क्यावर जिथे जिथे दोर आहे तिथे तिथे नानांची गाठ आहे. ती त्यांची स्वतःची गाठ. दोन वेढे, मग टोक पोटाखालून, मग एक हिसका, आणि वर ओंजळभर पाणी. दोर भिजला की आवळतो आणि ती गाठ अशी बसते की दगड बरा. "नानांनी बांधलं म्हणजे बांधलं," असं सगळे म्हणत. कधीकाळी भर वादळात त्यांची लाँच त्याच गाठीवर सुखरूप राहिली होती आणि बाकीच्या दोन होड्या वाहून गेल्या होत्या. ती गोष्ट नाना वर्षातून चार वेळा तरी सांगायचे.

ज्या होडीसाठी मी आलो ती होडी नानांच्या मुलीची, ताईची. ताई नर्स आहे. तलावापलीकडे एक वस्ती आहे, तिथे दवाखाना नाही. ताई रोज सकाळी इंजिनाची होडी घेऊन पलीकडे जाते. औषधं, मलमपट्टी, बाळांच्या लशींची बर्फाची पेटी, सगळं होडीत. रस्त्याने जायचं तर पुलावरून मोठा वळसा पडतो, अर्धा दिवस त्यातच जातो.

पहिली काही वर्षं माझे फार लाड झाले, मित्रांनो. माझ्यासारखा पाळणा या काठावर दुसरा नव्हता. लोक बघायला यायचे. "एका बोटाने होडी उचलतो हो!" असं म्हणायचे. नाना दर महिन्याला चाकाला ग्रीस लावायचे. मग सवय झाली. सवय झाली की कौतुक संपतं. ग्रीस दर महिन्याचं दर तीन महिन्यांनी झालं. चाक कुरकुरू लागलं तर ताई म्हणायची, "म्हातारा झाला हा पण." हा 'पण' कुणाला उद्देशून होता ते मला कळलं. नानांनाही कळलं असावं, कारण ते उठून काठावरच्या घरात गेले.

आता वरून काय व्हायचं ते ऐका. माझ्यावर छप्पर नव्हतं. ऊन, पाऊस, दव, पक्ष्यांची मेहेरबानी, सगळं थेट होडीत. म्हणून नानांचं एक काम ठरलेलं होतं. रोज उजाडताच ते खांद्यावर जुना पंचा टाकून यायचे, मगाने साचलेलं पाणी काढायचे, गाद्या पुसायचे, काच पुसायचे, इंजिन एकदा सुरू करून कान देऊन ऐकायचे. मग ताई यायची. "कोरडी आहे?" "कोरडी आहे." बापलेकीत सकाळचं बोलणं एवढंच. पण ते चुकत नसे.

तरी उन्हाने गाद्या फाटल्याच. पावसाचं पाणी इंजिनाच्या तारांत शिरलं आणि होडी दोनदा भर तलावात बंद पडली. एकदा लशींच्या पेटीतला बर्फ वितळून सगळ्या लशी वाया गेल्या. मग ताईच्या आरोग्य कार्यालयातून पत्र आलं. ताईने ते धक्क्यावर उभं राहूनच वाचलं, म्हणून मलाही कळलं. महिनाअखेरीस साहेब होडीची तपासणी करणार. होडी धड नसेल तर वस्तीची फेरी बंद, आणि ताईची बदली शहरात.

ताईने पत्राची घडी घातली. नानांनी विचारलं, "काय म्हणतात?" ती म्हणाली, "काही नाही. छत बसवायला हवं." एवढंच. बदलीबद्दल एक अक्षर नाही. मी मनात म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

दोन दिवसांनी ती आली. ट्रकची आवरणं, तंबू, होड्यांची झाकणं शिवणारी बाई. गावात तिला सगळे ताडपत्रीवाली म्हणत. कानामागे पेन्सिल, दोरीला बांधलेला चष्मा, आणि चेहऱ्यावर हसू नावाला नाही. सोबत तिचा नवरा, तो तर तिच्याहून अबोल. नानांनी चहा विचारला. ती म्हणाली, "नको, माप घेते." झालं! चहाला नाही म्हणणाऱ्या माणसावर नाना विश्वास ठेवत नाहीत. आणि टेप हातात घेणाऱ्यावर मी ठेवत नाही. जुन्या वस्तूचं माप कोण घेतं? एक तर दुरुस्तीवाला, नाहीतर भंगारवाला.

"होडी पूर्ण वर घ्या," ती म्हणाली.

"खाली असली तरी लांबी तीच की," नाना म्हणाले.

"लांबी तीच, उंची नाही. खाली असताना माप घेतलं आणि वर घेताना होडीची काच छताच्या कमानीवर आपटली, तर काच तुमची फुटेल आणि नाव माझं खराब होईल."

नानांनी चाक फिरवलं. माझ्या चाकावरचा त्यांचा हात मला ओळखता येतो. त्यांना राग आला होता.

पुढच्या आठवड्यात, वारा पडलेल्या एका सकाळी, ते दोघं नळ्या घेऊन आले. मला वाटलं, आता माझ्या अंगाला भोकं पाडणार. मी चारही पाय आवळून धरले. पण तिने भोकं पाडली नाहीत. नालासारखे वाकवलेले बोल्ट माझ्या पायांना मिठी मारल्यासारखे बसवले आणि त्यांना चार उभे खांब जोडले. खांबांवर दोन आडव्या नळ्या, त्यांवर पाच कमानी, आणि मधोमध लांब कणा. सगळे नट आधी नुसते हाताने फिरवले. मी म्हटलं, बघा, ढिलं काम! मग तिने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घेतलं, मग दुसरीकडून घेतलं. दोन्ही सारखी यायला हवीत. तीन बोटांचा फरक निघाला.

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली, तळाचा चिखल चाचपला आणि म्हणाली, "तुमच्या पाळण्याचा हा पाय खचलाय. किती वर्षं झाली?"

अगं बाई! जन्मभर मी त्या एका सांध्यावर नजर ठेवून होतो, आणि खचला तो दुसराच पाय. मला पत्ताच नाही. तिने त्याखाली एक जाड चपटा दगड सरकवला, पुन्हा मापं घेतली, आणि मगच पान्याने नट आवळले. मला बरं वाटलं. पण लगेच शंका आली की ही इतकी चांगली का वागतेय?

मग कापड आलं. जाड, फिकट निळं, कडेला मजबूत शिवण घातलेलं. कण्यावरून दोरी टाकून त्यांनी ते ओढून घेतलं. कडेच्या प्रत्येक भोकातून रबराची एकेक कडी घालून ती नळीला अडकवली. आधी मधली, मग एक या बाजूची, एक त्या बाजूची, असं करत टोकाकडे. अठ्ठेचाळीस कड्या. कापड असं ताणलं गेलं की टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज यावा.

नानांनी एक कडी ओढून पाहिली. "ही काय बाई, पोरींच्या वेणीचं रबर! वाऱ्यात टिकेल का?"

"नाही टिकणार," ताडपत्रीवाली म्हणाली.

नानांनी ओढलेली कडी सोडून दिली.

"ठरवून कमजोर ठेवलंय," ती हत्यारं गोळा करता करता म्हणाली. "मोठा वारा खालून शिरला की कापड फुगणार. तेव्हा आधी रबर तुटायला हवं. कापड उडून पाण्यात पडलं तर मी परत शिवून देईन. पाळणाच उलटला तर तो कोण शिवणार? वादळाची बातमी आली तर कापड काढूनच ठेवा. आणि कड्या तुटल्या तर यातल्या नव्या लावा." तिने एक पिशवी धक्क्यावरच्या खिळ्याला अडकवली आणि ती निघून गेली. चहा तेव्हाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाना पंचा घेऊन आले. होडी कोरडी ठणठणीत होती. गादीवर दवाचा थेंब नाही, काचेवर डाग नाही. नानांनी तरीही सगळ्या गाद्यांवरून हात फिरवला. कोरड्या काचेवरून पंचा फिरवला. मग पंच्याची घडी घालून ती मांडीवर ठेवून ते होडीत बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, छत गळतंय का याची खात्री करतायत. ताई आली. तिने वर छताकडे पाहिलं, खूश झाली आणि काही न विचारताच इंजिन सुरू केलं. विचारायचं काय त्यात? दिसतच होतं.

शेजारच्या धक्क्यावर निवृत्त मास्तर राहतात. स्वतःची होडी पालथी घालून त्यावर कपडे वाळत घालतात, पण सल्ला द्यायला पहिले. उंटावरचे शहाणे! ते त्या संध्याकाळी आले आणि म्हणाले, "ठरवून कमजोर? असं कोण म्हणतं हो नाना? भांडीवाला कधी म्हणाला का, माझं पातेलं ठरवून गळकं आहे? परत परत बोलवावं म्हणून केलेली युक्ती आहे ही."

आणि मित्रांनो, खरं सांगतो, मला ते शंभर टक्के पटलं.

चार दिवसांनी जरा वारा सुटला. फार नाही. पट पट करत पाच कड्या तुटल्या आणि कापडाचा एक कोपरा फडफडू लागला. नाना "बघा!" म्हणाले ते इतक्या आनंदाने की मला नवल वाटलं. तोंडावर किती दिवसांनी तेज आलं होतं! त्यांनी खिळ्यावरच्या पिशवीला हातही लावला नाही. घरातून जाड दोराचं वेटोळं आणलं. दोन दिवस धक्क्यावर फळी टाकून, त्यावर उभे राहून त्यांनी एकेक रबर कापलं आणि तिथे दोर ओवला. दोन वेढे, टोक पोटाखालून, हिसका, ओंजळभर पाणी. अठ्ठेचाळीस गाठी. शेवटची बांधून झाल्यावर त्यांनी माझ्या खांबावर थाप मारली आणि म्हणाले, "आता ये म्हणावं वाऱ्याला."

मलाही उभारी आली. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यासाठी पक्कं काम केलं होतं.

ताईने संध्याकाळी पाहिलं. "नाना, हे काय?"

"पक्कं केलं."

"बाईंना विचारलंत का?"

"गाठ बांधायला मी आता लोकांना विचारू?"

ताई दमलेली होती. तिने पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि घरात गेली. तिथेच कुणी दोन शब्द जास्त बोललं असतं तर पुढचं टळलं असतं. पण या घरात बोलण्याची काटकसर फार.

तपासणीला चार दिवस राहिले होते. दुपारची वेळ. ताई नुकतीच परतली होती. होडी वर घेऊन झाली होती आणि ती औषधांची पिशवी खांद्याला लावून धक्क्यावर उतरली होती. तेवढ्यात पलीकडचा काठ दिसेनासा झाला. ना बातमी, ना गडगडाट. तलावावरून एक करडी भिंत चालत आल्यासारखा वारा आला आणि सरळ छताखाली शिरला.

कापड फुगलं. एकही गाठ सुटली नाही. एकही दोर तुटला नाही. मग वाऱ्याने कमानी ओढल्या, कमानींनी खांब ओढले आणि खांबांनी मला. माझा तलावाकडचा पुढचा पाय चिखलातून सुटला. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझा पाय जमिनीवरून कधी उचलला गेला नव्हता. होडी फळ्यांवरून एक वीत सरकली. एवढं वजन पोटात असूनही मी पालथा व्हायला लागलो होतो. मी उलटलो तर होडी माझ्याखाली जाणार, आणि होडी गेली की वस्ती गेली, ताई गेली.

नाना धावत आले आणि गाठी बांधताना टाकलेल्या, अजून तशीच असलेल्या फळीवर चढले. त्यांनी पहिली गाठ धरली.

"नाना, खाली उतरा!" ताई ओरडली.

"सुटेल, सुटेल, माझीच गाठ आहे!"

नाही सुटली. भिजून दगड झाली होती. त्यांच्या अंगठ्याचं नख उलटलं, रक्त आलं, तरी ते त्याच गाठीशी झोंबत होते. माझा पाय पुन्हा उचलला गेला, पहिल्यापेक्षा वर, आणि मी परत चिखलात आदळलो तो बरोबर नानांच्या फळीला धक्का देऊनच. नाना खांबाला लटकले. मी आणखी एकदा उचलला गेलो असतो तर माझ्यातलं सगळं लोखंड त्यांच्या अंगावर आलं असतं. आणि मी स्वतःला थांबवू शकत नव्हतो. मला तेव्हा कुणाचाच संशय आला नाही. नुसती भीती वाटली, नानांसाठी.

ताईने गाठींकडे पाहिलंसुद्धा नाही. ती होडीत चढली, पिशवीतून पट्ट्या कापायची कात्री काढली, दोन्ही हातांनी डोक्यावरच्या कापडात खुपसली आणि एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत फाडत गेली. मग दुसरीकडे. मग तिसरीकडे. वारा त्या भगदाडांतून सूं करून वर निघून गेला. मी धाडकन चारही पायांवर उभा राहिलो. एक पाय वाकला, पण उभा राहिलो. होडी माझ्या पोटात होती. नाना खांबाला धरून होते. अठ्ठेचाळीस गाठी जिथल्या तिथे होत्या आणि त्यांच्यामध्ये नुसत्या चिंध्या फडफडत होत्या.

वारा ओसरल्यावर दोघं ओल्या धक्क्यावर बसले. ताईने आधी नानांचा अंगठा धुतला आणि पट्टी बांधली. मग नाना म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण केलं मी."

"का केलंत नाना? बाईंनी सांगितलं होतं ना?"

"तिच्यावर विश्वास नव्हता." मग खाली बघत म्हणाले, "खरं सांगू? छत आलं आणि माझं सकाळचं काम गेलं. तू 'कोरडी आहे का' विचारेनाशी झालीस. म्हटलं, या छतात निदान माझ्या हाताचं काहीतरी असू दे."

"नाना, तुमचे गुडघे दुखतात," ताई म्हणाली. " पहाटेच्या गारठ्यात वाकून पुसताना तुम्ही विव्हळता, ते मला घरात ऐकू येतं. छत मी होडीसाठी घेतलं, तसं तुमच्यासाठीही घेतलं." मग तिने पत्राची गोष्टही सांगितली, बदलीची. "तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही."

"अगं, न बोलण्यानेच घोर लागतो," नाना म्हणाले आणि डोळे पुसू लागले. मग ताईही रडली. मी तिथेच उभा होतो, वाकड्या पायाने. मला स्वतःची लाज वाटली. त्या पंच्याची घडी मी रोज पाहिली होती, आणि मला दिसला काय, तर गळतीचा संशय!

ताडपत्रीवाली दुसऱ्या दिवशी आली. नाना अंगठा लपवून उभे होते, वर्गात चूक झालेल्या मुलासारखे. तिने चिंध्या पाहिल्या, माझा वाकलेला पाय पाहिला, मग एक गाठ निरखून पाहिली. सोडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"ही कुणाची?"

"माझी," नाना पुटपुटले.

"अशी गाठ मी आजवर बघितली नाही. माझ्या ट्रकवाल्यांना लागते अशी. मला शिकवाल?" आणि जरा थांबून ती म्हणाली, "छताला मात्र नको."

"चहा घेता घेता शिकवतो," नाना म्हणाले.

"नको. चहाने माझ्या पोटात जळजळतं. पण बसते," ती म्हणाली आणि बसली. म्हणजे चहाचं कारण एवढंच होतं! आम्ही दोघांनी त्यावर केवढं रामायण रचलं होतं.

तिच्या नवऱ्याने माझा पाय ठोकून सरळ केला. साहेब तपासणीला आले तेव्हा छत शिवायला गेलेलं होतं. पण सकाळी नानांनी पंचा फिरवला होता. साहेबांनी गादीवर हात ठेवला, इंजिन सुरू करून पाहिलं आणि कागदावर सही केली. फेरी राहिली. ताई राहिली.

छत परत आलं, त्यावर तीन लांब शिवणी घेऊन. कड्या पुन्हा रबराच्या. आता नाना रोज सकाळी सगळ्या कड्या एकेक ओढून बघतात आणि विरलेली बदलतात. ताई विचारते, "छत ठीक?" ते म्हणतात, "ठीक. सातवी आणि तिसावी बदलली." बोलणं वाढलं आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा तसाच वारा आला, पुन्हा न सांगता. नाना आणि ताई काठावर, लांब उभे राहिले. कापड फुगलं. पट. एक कडी तुटली. पट, पट. नाना मोठ्याने म्हणाले, "शाब्बास!" पट. "शाब्बास!" आयुष्यभर काही तुटू नये म्हणून झटलेला तो माणूस प्रत्येक तुटणाऱ्या कडीला शाबासकी देत होता, आणि ताई त्यांचा दंड धरून हसत होती. शेवटी कापड सुटलं, हवेत एक गिरकी घेऊन पाण्यात पडलं. मी जागचा हललोही नाही.

मित्रांनो, आता तुम्ही उठाल, मला माहीत आहे. जाण्याआधी ऐका. जुन्या वस्तूंना वेळेवर ग्रीस लावा. एकाच सांध्यावर डोळा ठेवून बसू नका, चारही पाय बघा. "हो" म्हणू नका, नुसतं हो म्हणणाऱ्यावर माझा अजून विश्वास नाही. आणि तुमच्या घरात कुणी रिकाम्या हाताने, घडी घातलेला पंचा मांडीवर घेऊन बसलेलं दिसलं, तर मनात तर्क लढवू नका. जवळ जाऊन विचारा. मी विचारलं नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.